समुद्रतळाच्या मॉडेलिंगमधली पीएचडी: अर्ज करू का, यावर माझं लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी कोपरखैरण्याची, अप्लाइड मॅथ्समधे एमएस्सी झालेली, नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात ४ वर्षांची पीएचडी पोझिशन निघालीय, विषय समुद्रतळ कसा बदलतो याचं गणिती मॉडेलिंग, मुख्यतः वाळूच्या लाटा. पीडीई (आंशिक विकलक समीकरणं) येतात, मॅटलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर येतं, पण समुद्र म्हणजे वाशीच्या पुलावर लोकलच्या खिडकीतून दिसतो तेवढाच, सिव्हिलची डिग्री नाही, मग अर्ज करावा का, आणि परत आल्यावर इथे याचं काय होणार असं घरचे विचारतायत.

अर्ज कर गं. मी ऐरोलीला राहते, २२ वर्षं याच धंद्यात आहे, आधी बाहेर पीएचडी आणि मग इथे बंदरांसाठी गाळ कुठे बसेल, किती बसेल, दरवर्षी किती उपसावा लागेल याचे हिशोब. गणितवाल्या मुलांना या विषयात मी नेहमी सिव्हिलवाल्यांच्या बरोबरीने, कधीकधी थोडं वरच धरते, पण त्यांची एक खोड असते आणि ती मोडायला २-३ वर्षं जातात, म्हणून हे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी विषय काय आहे ते, कारण जाहिरातीत तो फार भारदस्त लिहिलेला असतो. मूळ समीकरण एकच, एक्सनरचं. हा फेलिक्स एक्सनर ऑस्ट्रियातला हवामानशास्त्रज्ञ, त्याने १९२० च्या दशकात मांडलं, आणि त्यात आहे काय तर किराणा दुकानदाराचा हिशोब: एका चौकोनात वाळू जेवढी आली त्यापेक्षा कमी गेली तर तळ वर येणार, जास्त गेली तर खाली जाणार, आणि वाळूत साधारण ४० टक्के पोकळ्या असतात म्हणून १ वजा पोरॉसिटीने (त्या पोकळ्यांचा वाटा) भागायचं. संपलं. हे तू संध्याकाळी बसून लिहू शकतेस. भानगड सगळी वाळू "येते" आणि "जाते" किती यात आहे. शील्ड्सने १९३६ मधे बर्लिनला दाखवलं की पाण्याचं घर्षण एका हद्दीच्या पुढे गेलं की कण हलायला लागतो, मेयर-पीटर आणि म्यूलर यांनी १९४८ मधे प्रयोगांवरून फॉर्म्युला दिला, त्यात ती हद्द ०.०४७ घेतलीय, पुढे आणखी डझनभर फॉर्म्युले आले (आइन्स्टाइनचा मुलगा हान्स आल्बर्ट आयुष्यभर हेच करत होता, नदीतली वाळू). आणि इतकं सगळं होऊन आजही समुद्रात मोजलेल्या वाहतुकीच्या दुप्पट ते निम्म्याच्या आत तुझा आकडा आला तर लोक म्हणतात छान जमलंय. दुप्पट ते निम्मं! गणितवाल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो, मला फुटला होता.

का असं, तर वाळूची वाहतूक वेगाच्या तिसऱ्या ते पाचव्या घाताने वाढते. प्रवाहाच्या वेगात तुझी १० टक्के चूक झाली की पाचव्या घाताला ती ६१ टक्के होते, आणि भरतीच्या मॉडेलमधे १० टक्के चूक म्हणजे फार काही वाईट मॉडेल नाही.

याच घातामुळे एक मजेशीर गोष्ट होते आणि ती आपल्या खाड्यांनाही लागू आहे. समज भरतीचा प्रवाह सेकंदाला १.१ मीटरने ५ तास ३५ मिनिटं आत येतो आणि ओहोटीचा ०.९ मीटरने ६ तास ५० मिनिटं बाहेर जातो. गुणाकार करून बघ, पाणी जेवढं आत आलं तेवढंच बाहेर गेलं, हिशोब चुकता. पण वाळू वेगाच्या घनाने जात असेल तर ती आत जाते बाहेरच्या जवळजवळ दीडपट. म्हणजे पाण्याचा हिशोब शून्य आणि वाळूचा हिशोब शून्य नाही, आणि वर्षाला अशा ७०० भरत्या. समुद्रतळाचं मॉडेलिंग म्हणजे दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून उरलेल्या चिमूटभर आकड्यावर अख्खं घर बांधणं, त्यामुळे तो चिमूटभर आकडा कुठून आला हे विचारायची सवय लावून घे.

आता वाळूच्या लाटा. उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात २०-३० मीटर पाण्याखाली तळ सपाट नाहीये, शेकडो मीटर लांब आणि काही मीटर उंच अशा वाळूच्या ओळी आहेत, आणि त्या वर्षाला काही मीटर सरकतात. तिथे पवनचक्क्या उभ्या करतात, त्यांच्या वीजवाहिन्या तळात मीटर-दोन मीटर पुरतात, आणि लाट सरकली की केबल उघडी पडते. पैसा या विषयात येतो तो इथून, नुसत्या कुतूहलावर कोणी चार वर्षं पगार देत नाही.

गणिताच्या बाजूने मात्र हा प्रश्न खरंच देखणा आहे आणि तुला आवडेल. सपाट तळ घे, त्यावर बारीकशी नागमोडी उंचसखल टाक, आणि वरून भरती-ओहोटी मागेपुढे जाऊ दे. एका भरतीची सरासरी काढली की तळाजवळ छोटी अभिसरणं उरतात, पाणी दोन्ही बाजूंनी खळग्याकडून माथ्याकडे जातं आणि कणांना वर ढकलतं. दुसरीकडे गुरुत्वाकर्षण कणांना उतारावरून खाली ओढतं. तरंगलांबी कमी असेल तर उतार तीव्र, गुरुत्वाकर्षण जिंकतं, उंचवटा विरतो. तरंगलांबी फार मोठी असेल तर ढकलणंच कमजोर पडतं. मधल्या एका लांबीला वाढ सगळ्यात वेगाने होते आणि ती निघते काहीशे मीटर, म्हणजे समुद्रात दिसते तेवढीच. हे सुझान हुल्शर यांनी १९९६ च्या पेपरमधे दाखवलं. लिनियर स्टॅबिलिटी (बारीक उंचवटा वाढतो की विरतो ते बघणं), आयगनव्हॅल्यू, तू एमएस्सीला केलंयस तेच, फक्त तेव्हा कोणी सांगितलं नसेल की यातून वाळूची लाट निघते. आणि त्याची हद्दही बघून ठेव: लिनियर सिद्धांत लांबी सांगतो, उंची नाही सांगत. लाट कुठे वाढायची थांबते हे नॉनलिनियर काम आहे, कोडने करायचं, आणि बहुतेक तुझी चार वर्षं तिथेच जाणार.

आता ती खोड. गणितवाली मुलं समीकरण चांगलं सोडवतात आणि मग समजतात की समुद्र सोडवला.

माझंच सांगते. नवीन होते, एका बंदराच्या चॅनेलचं काम होतं, तळाच्या खोलीचे दोन सर्व्हे होते, ३ वर्षांच्या अंतराने. पहिल्यापासून सुरू करून मॉडेल दुसऱ्यापर्यंत चालवलं, मोजलेली खोली आणि मॉडेलची खोली यांचं कोरिलेशन (दोन्ही किती जुळतात, १ म्हणजे पूर्ण) काढलं तर ०.९९. मी हवेत. स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाकलं. मीटिंगला एक रिटायरमेंटला आलेले हायड्रोग्राफर (समुद्राची खोली मोजणारे) बसले होते, त्यांनी विचारलं, "बाई, मॉडेल नका चालवू, पहिलाच सर्व्हे दुसऱ्याच्या शेजारी ठेवा, कोरिलेशन किती येतं?" घरी येऊन काढलं. ०.९९. कारण सोपं आहे, ५ मीटरची जागा ३ वर्षांनी ५.२ होते आणि १५ मीटरची १४.८, तळ जवळपास जागच्या जागीच असतो, त्यामुळे काहीच न करणारं मॉडेलसुद्धा भारी दिसतं.

तेव्हापासून मी एकच आकडा बघते, ज्याला आमच्याकडे स्किल स्कोअर म्हणतात: १ वजा, तुझ्या मॉडेलची सरासरी वर्ग-चूक भागिले "तळ बदललाच नाही" असं म्हटलं तर होणारी वर्ग-चूक. १ आला तर परिपूर्ण, ० आला तर तू आणि काहीच न करणारा माणूस सारखेच, ऋण आला तर तू काही केलं नसतंस तर बरं झालं असतं. माझ्या त्या ०.९९ वाल्या मॉडेलचा ऋण होता. ऋण स्कोअर अनुभवी लोकांचेही येतात, फक्त ते स्लाइडवर कमी दिसतात.

दुसरा किस्सा लगेच सांगून टाकते कारण तो खास मुंबईचा आहे. दोन सर्व्हेंची वजाबाकी केली आणि सगळीकडे एकसारखी अडीच मीटर धूप, अख्ख्या नकाशावर. एका ज्युनियरने त्याचं कारणही शोधलं होतं, रेतीउपसा. अरे बाबा, मुंबईला चार्ट डेटम (सागरी नकाशावरच्या खोलीचं शून्य) आणि सरासरी समुद्रपातळी यांच्यात साधारण अडीच मीटरचाच फरक आहे, एक सर्व्हे एका शून्यापासून मोजलेला आणि दुसरा दुसऱ्या. फरक सगळीकडे एकसारखा आला की आधी शून्य तपास, निसर्ग इतका शिस्तीत वागत नाही.

आणि डेटम बरोबर असला तरी सर्व्हेची स्वतःची अनिश्चितता असतेच. आंतरराष्ट्रीय हायड्रोग्राफिक मानकात जहाजाच्या तळाखालचं अंतर फार काटेकोर नसतं अशा पाण्यासाठीच्या १-ए श्रेणीत २० मीटर खोलीला जवळपास ५६ सेंटीमीटरची चूक चालते. चांगला मल्टिबीम (एकाच वेळी तळाचा रुंद पट्टा मोजणारा सोनार) त्यापेक्षा बराच बरा असतो, पण २० वर्षांपूर्वीचा सिंगलबीम (एकेका रेषेवरच मोजणारा) सर्व्हे घेऊन तू "इथे ३० सेंटीमीटर गाळ साचला" म्हणालीस तर तो गाळ समुद्रात आहे की मशीनमधे ते आधी ठरव.

म्हणून इंटरव्ह्यूत तू विचारायचा पहिला प्रश्न पगाराचा नाही, सॉफ्टवेअरचाही नाही. विचार, "एकाच जागेचे किती सर्व्हे आहेत, किती वर्षांचे, आणि ते कोणाच्या मालकीचे आहेत?" उत्तरात "आमच्याकडे अमुक भागाचे ५-६ रिपीट सर्व्हे आहेत, हे घे बघ" असं आलं तर जागा चांगली. उत्तर "डेटा पहिल्या वर्षात मिळेल अशी अपेक्षा आहे" असं आलं तर सावध हो, मी अशी दोन मुलं पाहिलीत जी तिसऱ्या वर्षीही अपेक्षाच करत होती. डेटा एखाद्या कंपनीचा असेल तर पेपर छापायला कोणाची परवानगी लागते तेही विचार, लाजू नकोस, तिथे असे प्रश्न विचारलेले आवडतात. आणि शक्य असेल तर त्यांच्या आधीच्या एका पीएचडीवाल्याला ईमेल कर आणि गाइड आठवड्याला भेटतात का महिन्याला एवढंच विचार.

समुद्र पाहिला नाही याचं टेन्शन घेऊ नकोस, पण जाण्याआधी एकदा सारसोळे जेट्टीवर किंवा आमच्या ऐरोलीच्या दिवा जेट्टीवर उधाणाच्या दिवशी ओहोटीला जाऊन उभी राहा आणि मग आठवड्याने भांगाच्या (भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते त्या) दिवशी परत जा. मुंबईला उधाणात पातळी साडेतीन-चार मीटर वरखाली होते आणि भांगात त्याच्या निम्म्याहून कमी, हे पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि चिखलाचा अख्खा पट्टा उघडा पडलेला बघणं वेगळं. तिथल्या कोळी मामांना विचार पाणी कधी जास्त गढूळ असतं, बघ ते काय सांगतात, माझ्या अर्ध्या कॅलिब्रेशनला (मॉडेलचे आकडे मोजमापांशी जुळवायला) तेवढं पुरतं.

तिथे तुला एक गोष्ट लक्षात येईल की आपल्याकडे वाळूपेक्षा चिखल जास्त आहे. कळव्या-मुंब्र्याच्या रेतीबंदराच्या नावात रेती आहे, पण ठाणे खाडीचा बराचसा तळ, तिवरांखालचा, फ्लेमिंगो चरतात तो, चिकट गाळ आहे, आणि वर सांगितलेले वाळूचे फॉर्म्युले तिथे चालत नाहीत. चिखलाचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, गुठळी झाली की खाली बसायचा वेग वाढतो, बसल्यावर दिवसेंदिवस घट्ट होत जातो आणि मग तोच गाळ उचलायला जास्त जोर लागतो, म्हणजे गाळाला इतिहास असतो, वाळूला नसतो. त्यासाठी क्रोन आणि पार्थेनिएडीस यांचे १९६० च्या दशकातले फॉर्म्युले अजून वापरतात आणि त्यातले आकडे प्रत्येक खाडीला वेगळे. बंदरात तर "तळ" म्हणजे काय इथपासून वाद असतो: इकोसाउंडरची (आवाजाने खोली मोजणाऱ्या यंत्राची) ३३ किलोहर्ट्झची फ्रिक्वेन्सी एक तळ दाखवते आणि २१० ची त्याच्या वर दुसरा, मधे दह्यासारखा पातळ गाळ, ज्यातून जहाज जाऊ शकतं. रॉटरडॅमला तर घनता घनमीटरला १२०० किलो होईल तिथे जहाजासाठीचा तळ धरतात. तुझी पोझिशन वाळूची आहे, ठीक आहे, पण परत यायचा विचार असेल तर चार वर्षांत एखादा चॅप्टर किंवा एखादा कोर्स चिखलाचा कर. ही माझी एकट्याची जिद्द समज, पण वाळूत पीएचडी करून आलेली आणि पहिल्याच कामात चिखलात अडकलेली माणसं मी पाहिलीत, त्यातली एक मीच.

सॉफ्टवेअरचं पटकन: बहुतेक डेल्फ्ट-३डी असेल, त्याचा फ्लो भाग २०११ पासून ओपन सोर्स आहे, किंवा टेलेमॅक, तोही ओपन आहे, डाऊनलोड करून उघडून बघ पण त्यात महिना घालवू नकोस. बटणं तिथे शिकवतात. एक गोष्ट मात्र समजून जा. पाणी बदलतं तासांत आणि तळ बदलतो वर्षांत, त्यामुळे सगळे एक युक्ती करतात, प्रत्येक टप्प्याला तळातला बदल एका आकड्याने गुणतात. उधाण ते उधाण सुमारे १४.८ दिवस, २५ ने गुणलं की वर्ष झालं. उत्तर समुद्रात हे बऱ्यापैकी निभतं. आपल्याकडे जानेवारीचा पंधरवडा घेऊन २५ ने गुणलास की पावसाळाच गायब, आणि अरबी समुद्रातल्या मोठ्या लाटा जून ते सप्टेंबरमधेच येतात. कोणी असा रिपोर्ट दिला तर मी पहिल्या पानावरच परत पाठवते.

अर्जासोबत काय पाठवायचं? सर्टिफिकेटांचा गठ्ठा नको. एक छोटा कोड लिही, पायथनमधे लिही, मॅटलॅब तिथेही चालतं पण पायथन बरं. एकमितीय, १० मीटर पाणी, तळावर एक गोल उंचवटा, एकाच दिशेने स्थिर प्रवाह, वाहतूक वेगाच्या पाचव्या घाताने, आणि एक्सनर. आधी कागदावर उंचवटा किती वेगाने सरकेल ते काढ: घात गुणिले वाहतूक, भागिले खोली गुणिले १ वजा पोरॉसिटी. एक मीटर रुंदीतून सेकंदाला फक्त एक घन सेंटीमीटर वाळू जात असेल तर वर्षाला साधारण २६ मीटर. मग कोड तेवढंच देतो का बघ. आणि मग गंमत बघ, माथ्यावर पाणी उथळ म्हणून वेग जास्त, म्हणून माथा पायथ्यापेक्षा वेगाने पळतो, पुढची बाजू उभी होत जाते, आणि तू साधा सेंट्रल डिफरन्स (दोन्ही बाजूंचे बिंदू घेणारी पद्धत) वापरला असशील तर तिथे करवतीसारखे दात येतात आणि थोड्या वेळाने सगळं फुटतं. ते फुटलेलं चित्र फेकू नकोस! पत्रात लिही की हे असं फुटलं, याचं कारण मला हे वाटतं, अपविंडने (प्रवाह येतो त्या बाजूचा बिंदू घेऊन) असं सावरलं पण उंचवटा थोडा चपटा झाला. पीएचडीच्या निवडीत मी दोनदा पॅनलवर बसलेय, ४०-५० पत्रांत "आय अॅम पॅशनेट" सगळेच लिहितात, फुटलेला ग्राफ आणि त्याचं कारण देणारी मुलगी लक्षात राहते.

आता घरच्यांचं. एक तर नेदरलँड्समधे पीएचडी बहुतेक ठिकाणी नोकरी असते, फी भरायची नाही, पगार मिळतो, कॉन्ट्रॅक्ट ४ वर्षांचं, थोडं शिकवावंही लागतं. आई-बाबांना "शिकायला चाललीय" न सांगता "नोकरीला चाललीय" सांग, आमच्या घरात फरक पडला होता. जाहिरातीत युरोपियन नेटवर्क किंवा मेरी क्युरी (युरोपियन फेलोशिप) असं काही लिहिलं असेल तर मागच्या ३ वर्षांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली नसावीस अशी अट असते, तुला ती अडत नाही.

इथेच करायचं असेल तर तेही वाईट नाही: पवईचं आयआयटी, मद्रासच्या आयआयटीचं ओशन इंजिनिअरिंग, गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), आणि खडकवासल्याची सीडब्ल्यूपीआरएस (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र), जी १९१६ पासून आहे आणि जिथे अजून बंदरांची भौतिक मॉडेल्स बांधतात, एकदा जाऊन बघच. जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० अधिक घरभाडं आहे, पण त्यासाठी नेट किंवा गेट हवं, ते दिलं नसशील तर या वर्षी देऊन ठेव, बाहेरचं नाही झालं तर वर्ष रिकामं जायला नको.

परत आल्यावर काय, तर काम आहे. न्हावाशेवाचं चॅनेल उपसत राहावंच लागतं, वाढवण बंदराला जून २०२४ मधे केंद्राने मंजुरी दिली, ७६,२२० कोटींचं काम आणि समुद्रात मोठा भराव, तिथे किनारा आणि तळ कसा वागेल हा प्रश्न पुढची कितीतरी वर्षं चालणार आहे, आणि त्यावर बाजूने-विरुद्ध जे भांडतील त्या दोघांनाही मॉडेल वाचता येणारं माणूस लागेल. पगार आयटीएवढा नाही, खोटं कशाला सांगू. माझ्या भावाचा मुलगा महापेत बसून माझ्यापेक्षा जास्त कमावतो आणि त्याला चिखलात उतरावं लागत नाही. नोकऱ्याही शेकड्याने निघत नाहीत, पण हे करणारी माणसंही कमी आहेत, आमच्या ऑफिसमधे मागची जागा भरायला ७ महिने लागले.

शेवटची तारीख तू लिहिली नाहीस. महिना असेल तर पहिले १० दिवस कोडला दे, मग पत्र, आणि शिफारसपत्रं मात्र आजच माग, सर लोकांना दोनदा आठवण करावी लागते. पत्राचा ड्राफ्ट झाला की टाक, रविवारी वाचते, पण उंचवटा २६ मीटर सरकला का ते आधी सांग.